खाते क्रमांक दोनदा का विचारतात?

लेक नांदेडहून लातूरला नीटच्या शिकवणीला गेली, की घरून दर महिन्याला मेसचे अन् खोलीभाड्याचे पैसे पाठवावे लागतात. बँकेच्या ॲपमधून पाठवताना आधी ज्याला पैसे द्यायचे त्याचं खातं जोडून घ्यायचं: नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी. हा कोड अकरा अक्षरांचा. पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. त्या शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला, तर कोड चालतच नाही.

खाते क्रमांक मात्र ॲप दोनदा टाकायला लावतं आणि ते बरोबरच आहे. एनईएफटी या पद्धतीने पाठवलेले पैसे क्रमांकावर जमा होतात, नावावर नव्हे. एक आकडा चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्याच कुणाचा निघाला, तर पैसे तिकडे गेलेच म्हणून समजा! २०२५पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव आधी पडद्यावर दिसण्याची सोय झाली आहे. ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवं खातं जोडल्यावर बऱ्याच बँका काही तास थांबवतात किंवा रकमेला मर्यादा घालतात. घाईत वैताग येतो, पण चोरालाही तेवढंच थांबावं लागतं.

एनईएफटी १६ डिसेंबर २०१९पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालते. दर अर्ध्या तासाला एक फेरी सुटते. पैसे लगेच पोचायला हवे असतील तर आयएमपीएस, पाच लाखांपर्यंत. आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे. मोंढ्यातल्या आडत्याला तीच लागते, मेसवाल्या काकूंना नाही.