टोरिएल आणि भाचा

सुट्टीत भाचा आमच्याकडे राहायला होता. दिवसभर कॉम्प्युटरसमोर. मी सहज विचारलं, "काय रे, किती राक्षस मारलेस?" तर म्हणाला, "मामा, यात मारलंच पाहिजे असं नसतं." आणि गप्प बसला. चेहरा उतरलेला.

खेळाचं नाव 'अंडरटेल'. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने २०१५ मध्ये तो बहुतांशी एकट्याने बनवला. माणसांनी युद्धात हरवून जमिनीखाली कोंडलेले राक्षस आणि त्यांच्यात वरून पडलेलं एक मूल, अशी गोष्ट. टोरिएल नावाची राक्षसीण त्या मुलाला घरी नेते, खाऊ भाजते, निजायला खोली देते. मूल निघालं की मात्र वाट अडवते, कारण पुढे गेलेली मुलं जगलेली नाहीत. भाच्याला वाटलं, हिला जरा दमवू, मग सोडून देऊ. एक घाव वर्मी बसला आणि ती गेली.

पोराने लगेच जतन केलेला जुना खेळ उघडला आणि या खेपेला तिला सोडलं. पुढे एक बोलणारं फूल भेटलं. ते म्हणालं, तू आधी तिला मारलंस, मला ठाऊक आहे!

असल्या खेळांनी मुलं हिंसक होतात, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. बुद्धिबळात प्यादी मारताना कुणाला काय वाटतं? पण प्यादं स्वयंपाक करत नाही, आणि पोरांची काळजीही करत नाही. तिथेच सगळी गोम आहे. टॉल्किनसारख्या लेखकालाही आपले ऑर्क मुळातच दुष्ट आहेत का, हा पेच शेवटपर्यंत नीट सुटला नाही. आपल्याकडे बळीराजा असुरच की, तरी दिवाळीत आपण त्याचंच राज्य मागतो. या खेळात तर मारल्यावर गुण मिळतात, ते अनुभवाचे असावेत असं वाटतं. अखेरीस कळतं, तो घेतलेल्या जिवांचा हिशेब होता.

रात्री भाचा झोपल्यावर मी स्वतः बसलो. बोटं चालेनात. टोरिएल आगीचे गोळे फेकत होती आणि मी पुन्हा पुन्हा 'सोडून दे' हेच निवडत होतो. माझा जीव जवळजवळ संपला, आणि मग, बरं का, ते गोळेच मला चुकवून जायला लागले.