टाकेल्मा : नदीकाठच्या लोकांची भाषा

कॅलिफोर्नियातून आय-फाइव्हनं वर पोर्टलंडकडे निघालात, की सीमा ओलांडल्यावर थोड्याच वेळात मेडफर्ड लागतं. तिथे डोक्यावर सपाट असलेले दोन डोंगर दिसतात, अगदी आपल्या सह्याद्रीतल्या पठारांसारखे. हे टेबल रॉक्स. पुढे रोग नदी येते. नाव ऐकून दचकू नका. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ बदमाश, लबाड. कातड्यांच्या व्यापारासाठी आलेल्या फ्रेंचांनी तिथल्या माणसांना ही शिवी दिली आणि ती नदीला चिकटली.

माणसं स्वतःला काय म्हणत होती? नदी म्हणजे 'गेलाम', आणि तिच्या काठचे ते 'डागेल्मा'. आपण भीमथडीचे म्हणतो ना, तसं सरळ नाव. त्याचंच पुढे टाकेल्मा झालं.

1850 नंतर या भागात सोनं सापडलं आणि खाणवाल्यांची झुंबड उडाली. 1853 च्या तहात टेबल रॉकजवळची जमीन या लोकांसाठी राखून ठेवली गेली. दोनच वर्षांनी, 8 ऑक्टोबर 1855 ला, जॅक्सनव्हिलच्या गोऱ्या स्वयंसेवकांनी त्यांच्या एका वस्तीवर हल्ला केला. बायका, मुलं, म्हातारे मारले गेले. युद्ध पेटलं. फेब्रुवारी 1856 मध्ये टेबल रॉकच्या लोकांना चालवत उत्तरेला ग्रँड रोंडला नेलं. अडीचशे मैलांहून जास्त वाट, ऐन हिवाळ्यात, तेहतीस दिवस. वाटेत माणसं मेली, मुलं जन्मली. बऱ्याच जणांना नंतर किनाऱ्याकडच्या सिलेट्झला हलवलं.

त्या सिलेट्झला 1906 च्या उन्हाळ्यात एडवर्ड सपीर नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी आला. तो स्वतः लहानपणी युरोपातून अमेरिकेत आलेला, घरात यिडिश बोलणारा. त्याला फ्रान्सिस जॉन्सन या वय झालेल्या बाई भेटल्या. त्यांचं टाकेल्मा नाव ग्विस्ग्वाशान. दीड महिना त्या बोलत राहिल्या आणि हा लिहीत राहिला. एवढ्या भांडवलावर 1909 मध्ये कथांचं पुस्तक आलं, 1912 मध्ये जवळजवळ तीनशे पानांचं व्याकरण. मी कामात रोज 'नॉलेज ट्रान्सफर' हा शब्द ऐकतो, पण इतक्या थोड्या वेळात एवढा ऐवज हाती सोपवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

त्या व्याकरणातलं एक वाक्य मला फार आवडतं : अस्वलानं माणसाला मारलं. साधी घटना म्हणून सांगायचं तर क्रियापदाचं एक रूप. पण खुणांवरून तर्क केला असेल तर रूपच बदलतं. आपल्याला हे परकं वाटू नये. 'पाऊस पडला' आणि 'पाऊस पडून गेलेला दिसतोय' यातला फरक आपण रोज करतो. आपण त्यासाठी 'दिसतोय', 'असावा' असे शब्द जोडतो. टाकेल्मात तो क्रियापदातच मुरलेला.

गोष्टींमध्ये तर आणखी मजा. कोयोटी बोलायला लागला, की त्याच्या शब्दांआधी 'स'सारखा एक ध्वनी लागायचा. अस्वलासाठी दुसरा, 'ल'च्या जातीचा, घोगरा, आणि तो एरवी टाकेल्मात वापरलाच जात नव्हता! अर्थ काही नाही, फक्त ओळख. म्हणजे ऐकणाऱ्या पोराला कोण बोलतंय हे सांगावंच लागत नसे. सपीरनं हे टिपलं नसतं तर आज आपल्याला ते कळायला मार्गच नव्हता.

1933 मध्ये हॅरिंग्टन नावाचे अभ्यासक फ्रान्सिसबाईंना घेऊन रोगच्या खोऱ्यात गेले, आणि बाईंनी जागांची नावं सांगितली. त्यातली एक टिलोमिख, गोल्ड हिलजवळचा धबधबा. पुढच्याच वर्षी त्या वारल्या.

साठ वर्षांनी, 1994 मध्ये, टाकेल्मा वंशाच्या अ‍ॅग्नेस बेकर पिलग्रिम यांनी सामन माशाचा जुना विधी पुन्हा सुरू केला. मासा सगळ्यांनी वाटून खायचा आणि त्याचे काटे नदीला परत द्यायचे. नदीवरचं गोल्ड रे धरण 2010 मध्ये पाडलं गेलं आणि माशांची वाट तेवढी मोकळी झाली. अ‍ॅग्नेस आजी 2019 मध्ये गेल्या.

सपीरची दोन्ही पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत. कथांचं आधी उघडा. टाकेल्माही आहे, इंग्रजीही आहे. कोयोटी कुठे बोलतो ते शोधायला मुलांना सांगा, अर्थ न कळताही सापडेल.