या वयात जमेल का?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



मी दंतवैद्यक महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकवते. दाताचा आकार, त्याची वाढ, त्याच्या पेशी हा माझा विषय. आज मात्र मी एका फोनबद्दल बोलणार आहे. तो मला वारंवार येतो, दर वेळी वेगळ्या माणसाचा. बोलणारी व्यक्ती तिशी ओलांडलेली असते, कधी चाळिशीला टेकलेली. कोणी डेंटल लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवतं, कोणी शाळेत विज्ञान शिकवतं, कोणी बी.एस्सी. होऊन लग्नानंतर घरी थांबलेली असते. सगळ्यांना बी.डी.एस., म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, करायची असते. नीट या प्रवेशपरीक्षेची पुस्तकं आणून झालेली असतात, बहुतेकदा घरच्यांपासून लपवून. कारण मुलाची दहावी आणि आईची नीट एकाच वर्षी, असं काही घरांत चाललेलं असतं. बरंच इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर शेवटी प्रश्न येतो, "मॅडम, या वयात जमेल का हो?"

"जमेल, जमेल, मनात आणलं की सगळं जमतं" हे उत्तर मी देत नाही. त्या माणसाला धीर हवा असतो हे मला कळतं. पण या एका प्रश्नात चार-पाच निरनिराळ्या शंका एकमेकींत अडकलेल्या असतात. पाठांतर होईल का, हात वळेल का, पैसे पुरतील का, लोक काय म्हणतील, आणि आजवरचं आयुष्य वाया गेलं असं तर ठरणार नाही ना. यातल्या काही शंका अगदी रास्त आहेत. काही साफ खोट्या आहेत. काही तर त्या माणसाच्या नाहीतच, दुसऱ्या कोणीतरी त्याच्या हातात दिलेल्या आहेत. त्या एकत्र गुंतल्या की खोट्या शंकेला खऱ्या शंकेचं वजन येतं. म्हणून आज मला त्या सोडवून एकेक बघायच्या आहेत.

आधी दुसऱ्यांनी दिलेली शंका घेऊ. आपल्या देशात ती काही काळ चक्क छापील स्वरूपात होती. 2018 च्या नीटसाठी कमाल वयोमर्यादा घातली गेली, खुल्या गटाला 25 वर्षं आणि राखीव गटांना 30. मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जास्त वयाच्या उमेदवारांना 2019 च्या परीक्षेला बसण्याची तात्पुरती मुभा दिली. मर्यादा खऱ्या अर्थाने उठली ती मार्च 2022 मध्ये. मधली काही वर्षं मर्यादेपुढचा प्रत्येक उमेदवार परीक्षा देत होता तो न्यायालयाच्या अंतरिम आदेशाच्या आधारावर. त्याच काळात, 2020 साली, ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने 64 व्या वर्षी नीट उत्तीर्ण होऊन बुर्ल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवला. बातमी सगळ्यांनी कौतुकाने वाचली. पण त्या काळात किती जणांनी माहितीपत्रक वाचून पुस्तकं मिटवून ठेवली असतील, त्याची बातमी होत नाही. मला आजही अशा लोकांचे फोन येतात, ज्यांना वाटतं, मर्यादा अजून आहे. नियम गेला, पण त्याने पेरलेली शंका माणसांच्या मनात राहून गेली.

परीक्षेच्या दाराशी वय विचारण्याची आपली सवय जुनी आहे. महर्षी कर्वे तरुणपणी कोकणातल्या मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी गेले होते. तिथे ते दिसायला लहान वाटले, परीक्षेसाठी लागणाऱ्या सतरा वर्षांचे वाटेनात, म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. हा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. परीक्षकाने ज्ञान तपासलं नाही, चेहरा तपासला. आज "या वयात?" असं विचारणारे आपण सगळे तेच करत असतो.

आता हाताकडे येते. हा माझा रोजचा विषय आहे, त्यामुळे इथे थोडी रेंगाळेन.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही मेणाचा ठोकळा आणि कोरायचं हत्यार देतो. त्या ठोकळ्यातून दात काढायचा. सुरुवात समोरच्या पटाशीच्या दाताने होते आणि पुढे दाढेपर्यंत मजल जाते. वरची पहिली दाढ हे सगळ्यांचं दुःस्वप्न. तिच्या चार उंचवट्यांचे आकार चार तऱ्हेचे, मधून तिरकी जाणारी कड, आणि आतल्या बाजूला अनेकदा एक छोटा पाचवा उंचवटा, काराबेल्लीच्या नावाचा. मापं मिलिमीटरमध्ये. एक खरवड जास्त गेली की दाताची कंबर बिघडते, आणि काढलेलं मेण परत चिकटवता येत नाही. मग नवा ठोकळा, पुन्हा पहिल्यापासून. शिक्षकाची सही मिळेपर्यंत हे चालतं.

या वर्गात अठरा वर्षांची मुलं आणि तिशीपुढची माणसं मी एका बाकावर पाहिली आहेत. ठामपणे सांगते, पहिल्या ठोकळ्यापाशी वयाचा फरक दिसत नाही. सगळ्यांचे पहिले दात सारखेच वाईट असतात. फरक दिसतो तो चेहऱ्यावर. अठरा वर्षांचं पोर बिघडलेला दात टाकून हसत दुसरा ठोकळा घेतं. वयाने मोठा माणूस त्या बिघडलेल्या दाताकडे बघत बसतो. त्याला आयुष्यात काहीतरी उत्तम येत असतं. आपलं चांगलं काम कसं दिसतं हे त्याला ठाऊक असतं, आणि समोरचं काम त्या मापाने फार खाली आहे हेही त्याला लगेच कळतं. मुलाला ते अजून कळत नाही. म्हणजे त्या माणसाची नजर हाताच्या पुढे धावत असते. हे लक्षण शिकण्याच्या दृष्टीने चांगलं आहे, कारण चूक दिसल्याशिवाय ती सुधारता येत नाही. पण त्या क्षणी तो त्याचा अर्थ "माझ्यात हे नाही" असा लावतो. दंतवैद्यकात हात उपजत लागतो हा समज मला पुसून टाकावासा वाटतो. हात घडवण्यासाठीच तर अभ्यासक्रमात ही सगळी योजना आहे. पहिल्या वर्षी मेण, दुसऱ्या वर्षी नकली डोक्यातले दात, आणि मग कुठे रुग्ण.

हात आधीच तपासावा का, हा प्रश्न अमेरिकेत प्रवेशपरीक्षा घेणाऱ्यांनाही पडला होता. तिथल्या डेंटल अ‍ॅडमिशन टेस्टमध्ये एके काळी उमेदवारांना खडू कोरायला लावत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद झालं, आणि पुढे कागदावरची, आता संगणकावरची, आकार ओळखण्याची परीक्षा आली. 60 मिनिटांत 90 प्रश्न. घडी घालून भोकं पाडलेला कागद उलगडला तर भोकं कुठे दिसतील, रचलेल्या ठोकळ्यांपैकी कितींच्या किती बाजू रंगतील, चार कोनांचा लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम कोणता, अशी ती असते. म्हणजे दारातच हात तपासणं त्यांनी सोडून दिलं आणि नजर तपासायला घेतली. ही नजर सरावाने सुधारते. कपडे बेतणाऱ्या, रांगोळी काढणाऱ्या किंवा सुतारकाम केलेल्या माणसाला तर ती काही अंशी आधीच मिळालेली असते.

पाठांतराची शंका अर्धी खरी आहे. विशीनंतर विचार करण्याचा वेग हळूहळू उतरू लागतो, हे संशोधनातून पुरेसं दिसलेलं आहे. नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न असतील तर वेगाला किंमत आहेच. घड्याळ लावून सराव करण्याशिवाय इथे दुसरा इलाज नाही. पण फोनवर मला जे ऐकू येतं ते निराळं असतं. "वाचते तेव्हा कळतं हो, पण पुस्तक मिटलं की काही आठवत नाही. डोकं गंजलं."

यावर एक प्रयोग सांगते. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एकाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर नुसतं वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61. आणि आपल्याला किती आठवेल असा अंदाज विचारला, तेव्हा जास्त भरवसा वाटत होता तो नुसतं वाचणाऱ्यांना. ही विद्यापीठातली तरुण मुलं होती, गंजलेल्या डोक्याची प्रौढ माणसं नव्हती. पुस्तक मिटल्यावर रिकामं वाटणं हा प्रत्येक शिकणाऱ्याचा अनुभव आहे, आणि ते रिकामपण सोसून आठवायचा प्रयत्न करणं हाच पक्का अभ्यास आहे. अठरा वर्षांच्या मुलाला तसं वाटलं तर तो म्हणतो, धडा कठीण आहे. पस्तिशीतली बाई म्हणते, माझं वय झालं.

आता आजवरच्या आयुष्याचं काय, या शंकेकडे वळते. यासाठी मला तुम्हाला एका बाईची ओळख करून द्यायची आहे. लूसी हॉब्स. जन्म 1833, न्यूयॉर्क राज्यातला. सुमारे दहा वर्षं तिने मिशिगनमध्ये शाळा शिकवली. मग वैद्यक शिकायचं ठरवून 1859 मध्ये ती सिनसिनाटीला गेली. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने बाई म्हणून प्रवेश नाकारला. तिला खासगीत शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने दंतवैद्यक सुचवलं. एका दंतवैद्याच्या हाताखाली तिने काम शिकून घेतलं. 1861 मध्ये ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीने तिला नाकारलं, कारण तेच. तेव्हा पदवीशिवाय व्यवसाय करता येत असे. तिने आपला दवाखाना उघडला आणि पुढे आयोवा राज्यात जाऊन काही वर्षं रुग्ण तपासले. 1865 मध्ये आयोवाच्या दंतवैद्यांच्या संघटनेने तिला सभासद करून घेतलं आणि तिच्या बाजूने आवाज उठवला. त्याच वर्षाच्या शेवटी ज्या कॉलेजने नाकारलं होतं त्याच कॉलेजने तिला थेट वरच्या वर्गात घेतलं, आणि फेब्रुवारी 1866 मध्ये ती पदवीधर झाली. दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी अमेरिकेतली ती पहिली स्त्री. वय बत्तीस, तेहतिसाव्याला काही आठवडे बाकी. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या त्याच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट.

तिला वयामुळे कोणी अडवलं नव्हतं हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर गोष्ट सोयीस्करपणे वळवल्यासारखं होईल. मला तिच्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कॉलेजने तिच्या मधल्या वर्षांचा हिशेब केला. तिने दवाखान्यात जे शिकून घेतलं होतं ते जमेस धरलं, म्हणून काही महिन्यांत तिचं शिक्षण पुरं झालं. आज आपण हे करत नाही. दंततंत्रज्ञाची पदविका घेऊन दहा वर्षं उत्तम कवळ्या बनवणारा माणूस बी.डी.एस.ला आला तर त्याला मेणाच्या पहिल्या ठोकळ्यापासून सुरुवात करावी लागते, तीही नीट पार केल्यावर. त्याला आपली दहा वर्षं पुसली गेल्यासारखी वाटली तर तो दोष त्याच्या मनाचा नाही. व्यवस्थेला ती वर्षं मोजायची पद्धतच माहीत नाही.

महाराष्ट्रातून बी.डी.एस. होऊन नवरा किंवा बायकोबरोबर अमेरिकेत गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांची अवस्थाही हीच. त्यांची पदवी तिथे बहुतेक राज्यांत पुरत नाही. दोन दिवसांची, 500 प्रश्नांची परीक्षा द्यायची, आणि मग तिथल्या डेंटल स्कूलमध्ये पुन्हा दोन-तीन वर्षं शिकायचं. इथे "डॉक्टर" म्हणून ओळखली जाणारी मुलगी तिथे लहान मूल सांभाळत, हातात हत्यार न धरता काही वर्षं काढते आणि मग प्रवेशासाठी पुन्हा नकली दातावर काम करून दाखवायला उभी राहते. ती मला लिहिते, "मॅम, हात थरथरतो." मी तिला सांगते की रोज तासभर मेण कोर. थरथर सरावाने जाते. मधली वर्षं वाया गेली असं वाटणं जायला जास्त वेळ लागतो, आणि त्याबद्दल तिच्याशी कोणीतरी बोलायला हवं.

उरली पैशांची आणि वर्षांची शंका. ही मात्र खरी आहे, आणि हिच्याकडे डोळेझाक करणाऱ्या प्रेरणादायी भाषणांचा मला राग येतो. तेहतिसाव्या वर्षी तयारीला लागलात, वर्षभरात प्रवेश मिळाला, तर चार वर्षं अभ्यासाची आणि एक इंटर्नशिपची धरून बाहेर पडताना एकोणचाळीस. एम.डी.एस. ही पदव्युत्तर पदवी करायची तर आणखी तीन. सरकारी जागा मिळाली तर गोष्ट वेगळी. खासगी महाविद्यालयाची फी हा संसाराचा निर्णय असतो. नंतर दवाखाना थाटायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, जागेचं भाडं. शहरांत दवाखान्यांची दाटी आहे. हे आकडे कागदावर मांडा, नवऱ्यासमोर, बायकोसमोर, सासूबाईंसमोर मांडा. उत्तर नाही असं आलं तर ते उत्तर सन्मानाने घ्या. पैशामुळे थांबलेला माणूस "माझी कुवत नव्हती" असं आयुष्यभर म्हणत राहतो, ते मला बघवत नाही. आणि उलट, पैशांची सोय असलेली, घरचा पाठिंबा असलेली बाई केवळ वर्गात मुलं आपल्याला "काकू" म्हणतील म्हणून फॉर्म भरत नाही, तेही बघवत नाही. म्हणतात, हो. पहिले काही महिने म्हणतात. पुढच्या वर्षांत रुग्ण म्हणून आलेल्या लहान मुलासमोर तीच मुलं गोंधळतात, आणि काकू त्या रडणाऱ्या पोराला दोन मिनिटांत आ करायला लावते. त्यानंतर मुलं तिच्या शेजारची खुर्ची धरू लागतात.

इथे काही महाविद्यालयांचे शिक्षक बसले आहेत, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. प्रौढ उमेदवाराला फॉर्म भरण्याआधी एक दिवस आपल्या प्रयोगशाळेत बसू द्या. वर्षाची फी, वह्यांचा आणि हत्यारांचा खर्च, दिवसाचे तास, वसतिगृहाचे नियम, सगळं खरं सांगा. आमच्या विभागात पुढच्या महिन्यात आम्ही असा एक दिवस ठेवतो आहोत. ज्यांना यायचं आहे त्यांनी सभागृहाबाहेरच्या टेबलावर नाव नोंदवावं. वय लिहायची गरज नाही, तो रकाना आम्ही ठेवलेला नाही. घरचं कोणी बरोबर आणलंत तर अधिक चांगलं, पैशांचं बोलणं त्यांच्यासमोरच करू. मेण आणि हत्यारं आम्ही देऊ. सकाळी नऊला सुरुवात होईल आणि पटाशीचा दात पुरा होईपर्यंत कोणी उठायचं नाही.