वावर सुटलं, आता दिवसभर काय करू?

(सिंदी मेघे येथील ग्रामसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं)



नोकरीवाला माणूस रिटायर झाला की निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं. पण जिनं चाळीस वर्षं निंदण केलं, कापूस वेचला, तिला कोण सांगतं की बाई, उद्यापासून सुट्टी? एक दिवस गुडघे नाही म्हणतात, तेवढंच. श्रावणबाळचा अर्ज ६५ व्या वर्षी भरता येतो. रिकाम्या दुपारीसाठी कुठं अर्ज करायचा?

मागच्या उन्हाळ्यात एका गटातली आजी मला म्हणाली, "पोरी, मायं नाव काढून टाक. वावर सुटलं, आता मी गटात बसून काय करू?" मी एमएसडब्ल्यू झालेली. पण त्या दिवशी सरळ वही काढली, ठराव लिहून घेतला, तिच्या बचतीचा हिशेब करून सही घेतली. तिला एक प्रश्नही विचारला नाही. चूक माझीच.

दिवाळीनंतर तिच्या घरी गेले. आजी दारात बसलेली. नातवंडं शाळेत, सून कामावर. टीव्ही चालू होता, पाहत कोणी नव्हतं. मी विचारलं, "आजी, लहानपणी काय करावंसं वाटायचं?" बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "गोधडी. माय शिवत होती, मले हात लावू देत नव्हती."

पेटीत जुनी लुगडी होतीच. थर अंथरले, लांब टाके घालून धरून ठेवले आणि कडेपासून आत आत धावदोरा सुरू झाला. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून. अडलं ते सुईत दोरा ओवताना. त्यावर नातीनं उपाय काढला. शाळेत जायच्या आधी ती १० सुया ओवून उशीला टोचून ठेवते. १० सुया संपल्या की आजीचं त्या दिवशीचं काम बंद. (आणि हो, वयानं दिसत नाही असं धरून बसू नका. आधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन होतं.)

मी लगेच म्हटलं, "आजी, स्टॉलवर विकू." आमच्या फॉर्ममध्ये उत्पन्नाचा रकाना असतो ना! ती म्हणाली, "मजुरीच करायची असती त वावरातच नसती गेली का? हे माया मनाचं हाय." मी गप्प.

गोधडीच पाहिजे असं नाही. आपला मुलूख कापसाचा. सरकी काढायची, कापूस मोकळा करायचा, दुधाचं बोट लावून वाती वळायच्या. ज्यांच्या घरी वाती लागत नाहीत त्यांनी दारात दोडक्याचा वेल चढवावा, फुटक्या बादलीत अंबाडी पेरावी. सरगुंडे वळता येत असतील तर नातीला शेजारी बसवा. इथून जवळच सेवाग्राम. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा साठी कधीच उलटली होती, आणि कामाच्या एवढ्या गर्दीतही त्यांचं रोजचं सूत चुकत नसे. थोडंच, पण रोज.

सुनांना एक सांगते, रागावू नका. "आजी रिकामीच आहे" म्हणून लेकरू, तांदूळ आणि गॅसवरचं दूध तिच्याकडे सोपवता. तांदूळ निवडणं हा काही छंद नव्हे! दुपारचा एक तास तिला तिचा असू द्या.

तो ठराव गटानं रद्द केला. आजी परत सभासद झाली. गोधडी अर्धी झाली आहे, पुढच्या सभेला ती घेऊन येणार आहे. नात तेव्हा शाळेत असेल, म्हणून सुया ओवायला आपल्यापैकी दोघीजणी लागतील. नावं माझ्याकडे द्या.