हिरड्या गुलाबी करण्याआधी



अध्यक्षीय भाषणात दंतवैद्यकाच्या व्यवसायाच्या सगळ्याच प्रश्नांना हात घालावा, अशी प्रथा आहे. मी मात्र आज एकाच विषयावर बोलणार आहे: तोंडातला काळा डाग.

लग्न ठरलं की ‘डॉक्टर, हिरड्या गुलाबी करून द्या’ म्हणत येणाऱ्या मुली आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या आहेत. लेसर हाताशी असतो, कामही फार वेळाचं नसतं. पण हिरड्या काळ्या का, हे आपण विचारतो का? बहुतेकींचं उत्तर साधं असतं. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती मेलॅनिन तयार करतात यात. लहानपणापासूनचा, दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला काळसर पट्टा हा आजार नव्हे. तो काढला तरी पुन्हा येऊ शकतो, हे आधीच सांगायला हवं. निरोगी हिरडीला रोगी ठरवून बिल करणं मला मान्य नाही.

खरी कसोटी उरलेल्या डागांची. चांदी भरलेल्या दाढेशेजारचा निळसर-राखाडी ठिपका बहुधा त्या चांदीचाच असतो. एक्स-रेत धातूचे कण दिसले की शंका मिटते. ओठावरचा जांभळा फुगवटा काचेच्या स्लाइडने दाबून पाहा; रंग उडाला, तर तो रक्तवाहिन्यांचा असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे विचार न करता सुरी लावू नये. थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये लंडनमध्ये ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात गालाच्या आत नवे काळपट चट्टे उठतात. सोबत थकवा असतो, वजन घटतं, रक्तदाब उतरतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी क्षयाने पोखरल्या गेल्या की हे होतं, आणि क्षय आपल्याकडून अजून गेलेला नाही. अशा पेशंटला लेसरची नव्हे, फिजिशियनची गरज असते.

काळ्याइतकाच पांढरा रंगही बोलतो, म्हणून मशेरीबद्दल, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीबद्दल, थोडं सविस्तर बोलतो. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की खेड्यातली बाई ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच असतं. ‘सकाळी मशेरी लावता का?’ असं विचारा. मग खालचा ओठ ओढून खाचेत बोट फिरवा. तिथली त्वचा सुरकुतलेली, पांढरट झालेली आढळेल. सुपारी-गुटख्याने होणाऱ्या सबम्यूकस फायब्रोसिसमध्येही गाल संगमरवरासारखे फिके पडतात आणि तोंड उघडेनासं होतं. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये त्यावर लिहिलं. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 मध्ये आली, तरी हे गाल आजही आपल्या खुर्चीत बसतात, आणि तेही विशीतल्या मुलांचे.

काळ्या डागांत सर्वांत घातक मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग. तोंडात तो दुर्मीळ, पण आढळतो तो मुख्यतः टाळूवर आणि वरच्या हिरडीवर. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून पेशंट येत नाही. कवळीचं माप घेताना टाळूकडे नीट पाहणारा डॉक्टरच तो वेळेत पकडू शकतो.

म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येक केसपेपरवर डागाची जागा, रंग, मिलिमीटरमधलं माप आणि तारीख लिहा, फोटो ठेवा. आणि नवा, एकटा, कारण न सापडलेला डाग लेसरने कधीही जाळू नका. जळालेल्या डागात पॅथॉलॉजिस्टला तपासायला काहीच उरत नाही. आधी तुकडा पाठवा, रिपोर्ट हातात येऊ द्या.