विद्यापीठ सरकारचे, ऋण आपले
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)





बोलण्याचा विषय संस्थेने माझ्यावरच सोपविला होता. मी विषय निवडला तो विद्यापीठाला द्यावयाच्या देणगीचा. हे ऐकताच आपल्यातील एक बुजुर्ग पालक मला दारातच म्हणाले, "सरजी, युनिव्हर्सिटी तो सरकार की है, हम काय कू देना?" प्रश्न रास्त आहे. शाळेच्या दोन खोल्यांचे छत अजून बाकी, वसतिगृहाचे वीजबिल थकलेले, आणि त्यात हा मास्तर विद्यापीठाचे बोलतो. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, असे कोणालाही वाटेल. आज मी त्या बुजुर्गांनाच उत्तर देणार आहे.

आधी एका मुलीची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण नाव तिचे असले तरी गोष्ट अनेकींची आहे. तिचे वडील टेम्पो चालवीत. ती आपल्याच शाळेतून शिकली, पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पीएच.डी.साठी तिने विषय निवडला गावच्या पाण्याचा. किनवट तालुक्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर डाग पडतात, मोठ्यांची हाडे आखडतात. कोणत्या हातपंपाचे पाणी कोणत्या महिन्यात किती वाईट, आणि ते स्वस्तात कसे सुधारता येईल, हे तिला शोधायचे होते. नमुने आणायला एस.टी.चे भाडे लागे, रसायनांना पैसे लागत, तपासणीला पैसे लागत. दीड वर्ष तिने रेटले. मग घरात आजारपण आले आणि वह्या पेटीत गेल्या. आज ती एका खाजगी शाळेत शिकविते. तिला लागणारी रक्कम आपल्याकडच्या एका मध्यम लग्नाच्या मांडवखर्चाहून कमी होती. आणि तो हातपंप अजून तेथेच आहे. त्याचे पाणी हिंदूंची मुले पितात, मुसलमानांची पितात, आदिवासींचीही पितात.

मित्रहो, विद्यापीठ सरकारचे असते म्हणजे काय? इमारत, प्राध्यापकांचे वेतन, परीक्षा यांचा मोठा भार सरकारी अनुदानावर आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो. परंतु संशोधन हे असे काम आहे की ज्याचा खर्च आधी नेमका सांगता येत नाही आणि ज्याचे फळ कधी मिळेल याची हमी नसते. सरकारी अंदाजपत्रकात अशा कामाला नेहमीच हात आखडता असतो. ती तूट भरून काढली आहे समाजाने. आपल्या राज्याचा इतिहास तेच सांगतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झाले. सरकारने विद्यापीठ काढले, पण ग्रंथालयासाठी १८६४ साली प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने २ लाख रुपये दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. तोच आईच्या नावाचा राजाबाई मनोरा, १८७८ साली पूर्ण झालेला. या दानानंतर लवकरच, १८६५ साली कापसाचा बाजार कोसळला आणि प्रेमचंदांची अफाट संपत्ती बुडाली. तिजोरीतले गेले, दिलेले मात्र राहिले. पदवीदान सभागृह उभे राहिले ते सर कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थाच्या देणगीने. एक जैन, एक पारशी. आणि त्या सभागृहात पदव्या घेतल्या सर्व धर्मांच्या मुलांनी.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्यांच्यापाशी झोळीच होती. गावोगाव फिरून, मिळेल ती रक्कम घेऊन, पैशापैशाचा हिशोब ठेवून त्यांनी काम चालविले. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ १५ लाख रुपये दिले आणि ते एस.एन.डी.टी. विद्यापीठ झाले. आज ते राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ आहे. आपण लक्षात ठेवावे की पंधरा लाख आले ते नंतर. आधी चार आणे आणि आठ आणे आले.

संशोधनासाठी दिलेल्या दानाचे उदाहरण हवे असेल तर कलकत्त्याकडे पाहा. सर तारकनाथ पालित आणि सर रासबिहारी घोष या दोन वकिलांनी १९१२-१३ च्या सुमारास आपली लाखो रुपयांची कमाई कलकत्ता विद्यापीठाला विज्ञान शिक्षणासाठी दिली. त्यातून निर्माण झालेल्या पालित अध्यासनावर १९१७ साली चंद्रशेखर व्यंकट रामन आले. रामन यांनी १९२८ चा आपला शोध ज्या प्रयोगशाळेत लावला ती संस्थाही डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतूनच उभी केली होती. १९३० साली नोबेल पारितोषिक आले. पालितबाबू तेव्हा हयात नव्हते. आपल्या पैशाचे काय झाले हे त्यांना दिसले नाही. संशोधनाला दिलेले दान हे असे असते. आंब्याची कोय लावणारा म्हातारा आंबा खाण्यासाठी लावीत नाही.

आपल्या समाजातही हे घडले आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला शाळा आणि १८७७ साली कॉलेज उभे केले ते दारोदार हात पसरून. लोकांची नावे ठेवणी सोसली, फतवे सोसले. देणगीदारांची नावे तेथील दगडांत कोरली आहेत आणि त्यांत हिंदूंची नावेही आहेत. त्या कॉलेजचे विद्यापीठ करायचे तर ३० लाख रुपये हवेत असे ठरले, तेव्हा १९११ पासून आगाखान आणि त्यांचे सहकारी देशभर फिरले. नवाबांनी दिले, त्याचप्रमाणे कारकुनांनी आणि शिंप्यांनीही दिले. १९२० साली विद्यापीठ झाले. महाराष्ट्रात सर मोहम्मद युसूफ यांनी १९१४ साली ८ लाख रुपये सरकारच्या स्वाधीन केले आणि त्यातून १९३० साली जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज निघाले. ते आजही सरकारी महाविद्यालय आहे आणि सर्वांना खुले आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या आजोबांच्या काळी नांदेड-लातूरच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. १९५८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे आज त्याचे कार्यक्षेत्र. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे, किनवटला आदिवासी विकास व संशोधन केंद्र आहे. ज्या संन्याशाच्या नावाने हे विद्यापीठ आहे तो स्वतः शाळामास्तर होता. आणि पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. तेव्हा नांदेडचे विद्यापीठ लातूरला परके नाही.

या विद्यापीठाच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. तेव्हा ट्रक भरभरून धान्य आले, कपडे आले. मदत देणाऱ्याचा धर्म कोणी विचारला नाही. आपला समाज कंजूष नाही, हे मी तेव्हा पाहिले. पण आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. दख्खनचे पठार स्थिर, येथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी समजूत होती. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. संकट आल्यावर आपण धावतो, ते बरोबरच आहे. पण जमिनीखाली काय आहे, पाणी कोठे मुरते, हे आधी शोधणाऱ्यासाठी आपण कधी पाच रुपये काढले आहेत काय?

आमच्या मुलांची स्थितीही पाहा. सच्चर समितीने २००६ साली दाखविले की देशातील नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे १ आणि पदव्युत्तरच्या ५० विद्यार्थ्यांमागे १ मुस्लिम असतो. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद केली. ती पुन्हा मिळावी यासाठी सनदशीर मागणी जरूर करावी. परंतु मागणीची वाट पाहत वह्या पेटीत जाऊ द्यायच्या काय? लातूरला मुलाला डॉक्टरकीच्या क्लासला ठेवण्यासाठी शेताचा तुकडा विकणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांच्या त्यागाला माझा सलाम. मात्र एवढा त्याग करणाऱ्या समाजाला महिन्याला दहा रुपये जड नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी आहे. संस्थेशी जोडलेल्या ५०० कुटुंबांनी महिन्याला १० रुपये दिले तर वर्षाचे ६० हजार रुपये होतात. एवढ्यात एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचा प्रवास, रसायने आणि प्रबंधाचे टंकलेखन-बांधणी निभावू शकते. ही रक्कम संस्थेने आपल्या विद्यापीठाशी रीतसर लेखी करार करून द्यावी. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात देणग्यांसाठी विश्वस्त निधीची स्वतंत्र सोय आहे. पदवीदान समारंभात स्मृतिप्रीत्यर्थ सुवर्णपदके दिली जातात, ती चांगलीच आहेत. पण पदक मिळते ते पहिला आलेल्याला, आणि मदत हवी असते ती अर्ध्यावर अडलेल्याला.

काहींच्या मनात व्याजाची शंका येईल. कायम निधी बँकेत ठेवून त्याच्या व्याजावर चालवायचा, हे अनेकांना मान्य नसते. त्यांच्या भावनेचा मान ठेवून मी सांगतो की आपल्याकडे याहून जुनी रीत आहे, ती वक्फची. मूळ मालमत्ता विकायची नाही, तिचे उत्पन्न सत्कार्याला लावायचे. मोरोक्कोतील फेज शहरात इसवी सन ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईने वारशाच्या पैशातून अल-करावियीन मशीद बांधली आणि तेथेच पुढे मोठे विद्यापीठ झाले, असे परंपरा सांगते. कोणाचे एखादे दुकान असेल तर त्याचे भाडे या कामाला लावता येईल. नसेल तर दरवर्षी ताजी वर्गणी काढावी. जकातीचा पैसा मात्र त्याच्या नियमांप्रमाणे, आलिमांना विचारूनच वापरावा. त्याची सरमिसळ करू नये.

तीन पथ्ये पाळावीत. पहिले, पावती आणि हिशोब. दरवर्षी याच मेळाव्यात पैशापैशाचा जमाखर्च वाचला जावा, आणि ज्याला मदत मिळाली त्याने काय काम केले हे विद्यापीठाने कळवावे. दुसरे, देणगी देऊन प्रवेश, गुण किंवा नेमणूक मागायची नाही. ज्या दिवशी आपण शिफारसपत्र घेऊन जाऊ त्या दिवशी ते दान राहणार नाही, सौदा होईल. तिसरे पथ्य सर्वांत अवघड आहे. ही मदत फक्त आपल्याच मुलांना, अशी अट घालायची नाही. जो गरजू आहे आणि ज्याचे काम चांगले आहे, तो कोणत्याही जातिधर्माचा असो, त्याला ती मिळावी.

येथे काही पालकांच्या कपाळावर आठी दिसते आहे. आपली मुले मागे असताना दुसऱ्यांना का, असे आपण म्हणाल. उत्तर सोपे आहे. पालितांच्या पैशावर एक तमिळ माणूस शिकवीत होता. सरकारी विद्यापीठात आपली मुले शिकतात ती शेतकऱ्याच्या, विणकराच्या, सर्वांच्या करातून. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला बसताना कोणी आपली जात विचारली आहे काय? घेताना सर्वांचे घ्यायचे आणि देताना कुंपण घालायचे, हे आपल्याला शोभणारे नाही. शिवाय त्या हातपंपावर कोणाचे नाव लिहिलेले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रशास्त्र विभाग १९३३ साली सुरू झाला. तेथून शिकून कारखानदार झालेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या विभागाला पुढे भरभरून दिले. आज ती रसायन तंत्रज्ञान संस्था स्वतः विद्यापीठ दर्जाची आहे आणि तिचे एक केंद्र आपल्या मराठवाड्यात, जालन्याला आहे. तुम्ही नोकरीला लागाल, कोणी आखाती देशात जाल. पहिल्या पगारातून अम्मीला साडी आणा, अब्बांना चष्मा आणा, आणि ज्या ग्रंथालयात बसून वाचलात त्याला एका पुस्तकाची किंमत पाठवा.

दारात भेटलेल्या बुजुर्गांना मी एवढेच म्हणेन की चाचा, विद्यापीठ सरकारचे आहे हे खरे, पण पेटीत गेलेल्या त्या वह्या आपल्या आहेत. मी त्या मुलीला विचारले, "बेटा, वह्या अजून आहेत का?" ती म्हणाली, "आहेत सर, वाळवी लागू नये म्हणून दर पावसाळ्यानंतर उन्हात ठेवते." या निधीचे पहिले १० रुपये मी आज अध्यक्षांच्या हाती देत आहे. पावती द्यावी.