चाकांचा चिखल आणि स्वावलंबन



चालणारा माणूस उंबरठ्याशी चपला काढतो. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला ती सोय नाही. रस्त्यावरचा चिखल चाकांबरोबर थेट घरात येतो. खुर्चीत बसून चाके पुसावयाची तर फार वाकावे लागते, तोल जाण्याचे भय असते. परिणामी दर वेळी कोणाला तरी हाक मारणे आले.

उपाय अवघड नाही. दाराशी उतार असलेली एक बुटकी चौकट बसवावी. तीत मागच्या प्रत्येक चाकाखाली दोन फिरते रूळ व एक ताठ ब्रश असावा. हाताने कडे फिरविले की चाक जागच्या जागी फिरते आणि घासले जाते. बाहेर पडताना रूळ अडविणारी खीळ मात्र हवी, अन्यथा चाक नुसतेच फिरत राहील. पुढच्या लहान चाकांना कडे नसते. त्यांच्यासाठी दोनतीन फेरे होतील एवढी लांब, ओली, खरखरीत चटई पुरे.

मग हे साधन घरोघर का नाही? गरज आणि मागणी या भिन्न गोष्टी आहेत. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लक्ष अपंगांची नोंद झाली. त्यांत हालचालींचे अपंगत्व असलेले सुमारे 54 लक्ष. परंतु ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याची गरज बाजाराला ऐकू येत नाही.

केंद्राची साहाय्यक साधनांची योजना 1981 पासूनची, हक्कांचा कायदा 2016 चा. तथापि खुर्ची दिली की कर्तव्य संपले, ही वृत्ती जात नाही. गावोगावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून अशा चौकटी तयार करविता येतील. ती मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. परावलंबन शरीरापेक्षा समाजाच्या रचनेत अधिक असते.